चिमट्याचं लोकार्पण

"सिस्टर, फूल जरा मोठं बांधा नं. फोटोत दिसलं पाहिजे," आमचे अधीक्षक डॉ. बारापात्रे म्हणाले.

मी गुलाबी फितीचं फूल सोडलं आणि पुन्हा बांधलं. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर ते यंत्र, यंत्राला हळदकुंकू आणि भोवती सॅटिनची फीत. ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर मी. थिएटरात माझ्या परवानगीशिवाय कात्री हलत नव्हती, आणि त्या दिवशी भर दुपारी मांडवात फुलं बांधत बसली होती. बाजूला ताटात फीत कापायची कात्री होती, तीही माझ्याच थिएटरातून नेलेली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगून काही उपयोग नाही. बारापात्रे साहेब वारले, आणि बाकीचे सगळे आपापल्या जागी सुखी आहेत.

यंत्र म्हणजे काय, तर एक छोटी पेटी, तिला वायर, आणि वायरच्या टोकाला चिमटा. चिमटा पेशंटच्या बोटाला लावायचा. रक्तात प्राणवायू किती आहे तो आकडा पेटीवर दिसतो, आणि नाडीबरोबर टुक टुक आवाज येतो. आकडा घसरला की आवाज बदलतो, पाठ करून उभ्या असलेल्या माणसालाही कळतं. करोनात हा चिमटा घरोघरी झाला, लोक चहा पिता पिता बोटं घालून बसायचे. मी सांगते ती गोष्ट त्याच्या खूप आधीची. तेव्हा आमच्या अख्ख्या तालुक्यात असा चिमटा नव्हता.

तो आणला नागपूरच्या डॉ. यमुना पिंपळापुरे मॅडमनी. मॅडम भूलतज्ज्ञ. परदेशी डॉक्टरांच्या एका मंडळाबरोबर त्या गरीब देशांत जायच्या, कधी नेपाळ, कधी टांझानिया, आणि तिथल्या डॉक्टर-नर्सना धोका न होऊ देता भूल कशी द्यायची ते शिकवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सिस्टर, टांझानियात जे पाहून मी रडले, ते नागपूरहून एसटीनं अर्ध्या दिवसात दिसतं. मग इतकं दूर जाऊन मी कोणाला फसवून राहिली?" त्यानंतर त्या आमच्याकडे यायला लागल्या. आल्या की थिएटरच्या फरशीवर बसून आमच्यासोबत डबा खायच्या.

आमच्या डॉ. दिनकर कुमरेंना त्यांनीच घडवलं. कुमरे आमच्याच तालुक्यातले, जंगलाच्या कडेच्या गोंडांच्या गावचे. त्या गावातले पहिले डॉक्टर. मॅडमनी त्यांना नागपूरला ठेवून घेऊन भूल द्यायला शिकवलं, आणि ते परत आल्यावर आमच्याकडे पहिल्यांदा सिझर व्हायला लागलं. त्याच्या आधी बाळ अडलं की बाईला जिल्ह्याला पाठवायचो. काही पोचायच्या, काहींना जीपमध्येच चादर टाकून परत आणायचे. कुमरे आल्यावर ते थांबलं. बाया त्यांना "सुईवाले डॉक्टर" म्हणायच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत त्यांच्यासाठी चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणायच्या.

मॅडम त्यांना एक गोष्ट सारखी बजावायच्या. "दिनकर, आपल्या भागातल्या बाया निळ्या पडत नाहीत. निळं पडायलाही अंगात रक्त लागतं. ओठ पाहून ठरवशील तर फसशील. तुला चिमटा पाहिजे." आणि मग त्यांनी बाहेरच्या मित्रमंडळींच्या मागं लागून तो मिळवला.

चिमटा पोळ्याला आला. लोकार्पणाला शिमगा उजाडला.

मधले सगळे महिने तो बारापात्रे साहेबांच्या कपाटात होता, कारण भाऊसाहेबांची तारीख मिळत नव्हती. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागाचे मंत्री. आधी आचारसंहिता लागली, मग त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं, मग अधिवेशन. कुमरे दर आठवड्याला जाऊन विचारायचे आणि हात हलवत परत यायचे. बारापात्रे साहेब तसे वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. भाऊसाहेब खूश झाले तर ते इथं रक्तसाठ्याची सोय मंजूर करणार होते, म्हणून साहेबांना कार्यक्रम दणक्यात करायचा होता. आमच्याकडे चांगली कामं अशीच होतात. एका चांगल्या कामासाठी दुसरं कपाटात ठेवावं लागतं.

तर मी फूल बांधून राहिली होती, आणि कुमरे मांडवात आले. हिरवे कपडे, डोक्याला टोपी, पायात थिएटरातल्या चपला. ते कधी तसे बाहेर येत नसत.

"सर, सिझर आहे. नदीपलीकडच्या टोला-वस्तीवरची पोरगी, छबी. कालपासून अडली आहे. बाळाचे ठोके कमी होत आहेत."

"मग करा नं," बारापात्रे साहेब म्हणाले.

"अंगात रक्त नाही तिच्या. कागदासारखी पांढरी आहे. मला चिमटा पाहिजे."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "भाऊसाहेब रेस्ट हाऊसवर पोचले. जेवण झालं की निघतातच. फीत कापली की मी स्वतः आणून देतो तुम्हाला."

"बाळ थांबणार नाही, सर."

"मग जिल्ह्याला पाठवा."

"कशात पाठवू? अँब्युलन्स भाऊसाहेबांच्या ताफ्यात आहे."

ते खरं होतं. मंत्री आले की त्यांच्या गाड्यांमागं एक अँब्युलन्स चालावी लागते, तसा नियमच आहे. आमच्याकडे एकच होती. भाऊसाहेब पंगतीत बसले होते आणि ती रेस्ट हाऊसच्या फाटकात उभी होती.

"बरं, मॅडमना तरी बोलवा," कुमरे म्हणाले. "मॅडम असल्या तर मला भीती नाही."

मॅडम सकाळीच नागपूरहून आल्या होत्या, पण त्यांना हॉस्पिटलात येऊच दिलं नव्हतं. प्रमुख पाहुण्या म्हणून परस्पर रेस्ट हाऊसवर नेलं होतं. साहेबांनी माझ्यासमोर फोन लावला. भाऊसाहेबांच्या पीएनं उचलला. साहेब "हो हो", "बरोबर आहे", "नाही नाही, तसं काही नाही" असं बोलले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"भाऊसाहेबांच्या पंगतीतून पाहुण्यांना उठवता येत नाही म्हणतो. जेवण झालं की सांगतो म्हणाला."

 कुमरेंनी एकदा चिमट्याकडे पाहिलं आणि ते आत गेले. मी फितीचं टोक तसंच सोडून त्यांच्या मागं गेली.

छबी वीस-एकवीस वर्षांची असेल. थिएटरच्या दाराशी तिची आई सोनाबाई तिचा हात सोडायला तयार नव्हती. मी तो हात सोडवला.

"बाई, मले भेव लागून राह्यलं जी," छबी मला म्हणाली.

"कायचं भेव? मी आहो नं इथं. आणि हे डॉक्टर तुमच्याच भाषेतले आहेत."

कुमरे तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलले. ती लाजून हसली. नंतर मी त्यांना विचारलं होतं, काय बोलले म्हणून. ते म्हणाले, "मी विचारलं, नवऱ्यापेक्षा मी कमी काळा आहे की जास्त." अशा मोठ्या वेळेलाही ते पेशंटला हसवायचे. नंतरच्या कुमरेंना ज्यांनी पाहिलं त्यांना हे खरं वाटणार नाही.

त्यांनी तिच्या कण्यात सुई दिली. कंबरेखालचा भाग बधिर झाला. आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टर वैरागडे मॅडमनी पोट उघडलं. कुमरे छबीच्या उशाशी बसले, एक हात तिच्या मनगटावर, नजर तिच्या छातीवर. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. स्टेथोस्कोप होता, पण मांडव थिएटरच्या खिडकीला लागूनच घातलेला. कुमरेंनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि काढून ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हिचा श्वास ऐकायला जातो तर 'हॅलो, माइक टेस्टिंग' ऐकू येऊन राहिलं."

मी शिपायाला पाठवलं, लाऊडस्पीकर बंद करा म्हणून. तो परत आला नाही. शाळेच्या पोरींच्या स्वागतगीताची तालीम सुरू झाली.

पोरगी झाली. चांगली खणखणीत रडली. ज्युनियर सिस्टर तारानं तिला पुसून छबीच्या तोंडापाशी नेलं. छबीनं मान वळवून पाहिलं, आणि म्हणाली, "छाती जड लागते जी."

"दमली आहे तू," वैरागडे मॅडम म्हणाल्या.

तारा बाळाला घेऊन बाहेर सोनाबाईकडे गेली. छबी पुन्हा काही बोलली नाही, डोळे मिटून घेतले. आम्हाला सगळ्यांना बरंच वाटलं. दोन दिवस कळा सोसलेली बाई, झोपली असेल. कुमरेंना मात्र बरं वाटलं नाही. त्यांनी तिची पापणी उघडून पाहिली, ओठ खाली करून पाहिला. ओठ पांढरा होता. पण तो आली तेव्हाही पांढराच होता.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "ही झोपली आहे की हिचा श्वास कमी पडून राहिला, मला कळत नाही. औषध वर छातीकडं चढलं असेल तर तिला हाक मारताही येणार नाही. चिमटा आणा. कसंही करून आणा."

अशा वेळी औषध वर चढतं कधीकधी. चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या हातून चढतं, मॅडम सांगायच्या, त्यात पाप नाही. वेळेवर कळलं की रबरी पिशवी दाबून श्वास देत राहायचं, औषध उतरतं, बाई उठून घरी जाते. फक्त वेळेवर कळलं पाहिजे. नुसत्या अंदाजानं पिशवी लावावी तर पोट उघडं असताना उलटी होऊन ती छातीत जायची भीती. त्यासाठीच तर तो चिमटा सातासमुद्रापलीकडून आणला होता.

मी पळत मांडवात गेली. खुर्च्या भरल्या होत्या. टेबलापाशी बारापात्रे साहेब आणि पक्षाचा एक कार्यकर्ता, बंडूभाऊ, उभे होते. मी सरळ यंत्राला हात घातला.

"ओ बाई, ओ बाई," बंडूभाऊनं पेटी उचलून छातीशी धरली. "कुठं घेऊन चालल्या?"

"कुमरे सरांनी मागितली. पेशंट बरी नाही."

"ताफा नाक्यावर आला, सिस्टर," बारापात्रे साहेब कपाळ पुसत म्हणाले. "पाचच मिनिटं. इतका वेळ थांबल्या, आता पाच मिनिटांत काय होते?"

"पाच मिनिटांत माणूस मरते, सर. तुम्ही डॉक्टर आहात."

"अहो, पण फीत कापायच्या आधी वापरली तर त्यांच्या हातून लोकार्पण कशाचं करायचं? नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी ताट उष्टं करते का?"

माझं डोकं फिरलं. "देव तर रेस्ट हाऊसवर जेवून येऊन राहिला नं," मी म्हटलं. "त्याला पुन्हा कायचा नैवेद्य?"

पहिल्या रांगेतले लोक हसले. बारापात्रे साहेबांचा चेहरा पडला. "दुर्गे सिस्टर, मी तुम्हाला मेमो देईन."

"द्या. आधी चिमटा द्या."

मी वायर धरली. बंडूभाऊनं पेटी सोडली नाही. माझ्या वयाच्या बाईनं भरल्या मांडवात त्या धिप्पाड माणसाशी ओढाताण केली, आणि लोक पाहत होते. बँडवाल्यांना वाटलं भाऊसाहेब आले, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात थिएटरच्या दारातून तारानं मला हाक मारली. तिची हाक ऐकूनच मला कळलं. मी वायर सोडली आणि पळाली.

कुमरे छबीच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होते. वैरागडे मॅडम पिशवीनं श्वास देत होत्या. मी इंजेक्शनं भरून दिली. कुमरे एकीकडं दाबत होते आणि एकीकडं तिच्याशी गोंडीत बोलत होते, पुन्हा पुन्हा तेच ते. ते काय बोलत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांचे हात भरून आले तेव्हा मी दाबलं. मग पुन्हा त्यांनी. शेवटी वैरागडे मॅडमनी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "दिनकर, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले तेव्हा ते थांबले, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

मेलेल्या बाईचंही पोट शिवावं लागतं. वैरागडे मॅडम टाके घालायला लागल्या. मी ताराला बाहेर पाठवलं, साहेबांना एकट्याला गाठून सांग म्हणून. ती परत आली आणि म्हणाली, "सर म्हणतात, कार्यक्रम होऊ द्या, तोवर आईलाही सांगू नका."

आणि तेव्हा भाऊसाहेब आले. आम्हाला काही दिसत नव्हतं, पण लाऊडस्पीकरवर सगळं ऐकू येत होतं. स्वागतगीत झालं. नारळ फुटला. फीत कापली, टाळ्या. मग मॅडमचा आवाज आला, नेहमीसारखा सरळ आणि आनंदी. त्या यंत्र कसं चालतं ते समजावून सांगत होत्या. भाऊसाहेब म्हणाले, "आधी माझ्यावरच प्रयोग करा." लोक हसले. कोणीतरी माइक पेटीजवळ धरला, आणि आमच्या थिएटरात छबीच्या डोक्यावर टुक, टुक, टुक असा आवाज घुमायला लागला. भाऊसाहेबांची नाडी.

"अठ्ठ्याण्णव," मॅडम म्हणाल्या. "भाऊसाहेब एकदम ठणठणीत आहेत."

खूप टाळ्या पडल्या. कुमरे स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. मला वाटलं, ती खिडकी फोडून त्या लाऊडस्पीकरची तार हातानं तोडावी. मी छबीच्या तोंडावर चादर ओढली.

मग मॅडमच म्हणाल्या, आणि त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. "पण हे यंत्र मंत्र्यांच्या बोटासाठी नाही. मला आत्ता कळलं की आत एक सिझर चालू आहे, आणि माझा विद्यार्थी भूल देतो आहे. भाऊसाहेब, चला, याचा पहिला खरा पेशंट तुमच्या हातानंच होऊ द्या."

"चला चला," भाऊसाहेब म्हणाले.

बारापात्रे साहेब सगळ्यांच्या आधी धावत आत आले. इतका घाम मी कोणाच्या तोंडावर पाहिला नाही.

"सिस्टर, चादर काढा तोंडावरची."

"काऊन?"

"काढा म्हणतो नं. भूल दिली आहे, झोपली आहे, एवढंच सांगू. दोन मिनिटांत जातात ते. मग मी सांगतो सगळं, शप्पथ सांगतो."

मी हलली नाही. त्यांनीच चादर काढली, छबीचे केस सारखे केले आणि मास्क तोंडावर ठेवला. वैरागडे मॅडम हातातली सुई तशीच धरून पाहत राहिल्या. कुमरेंनी मान वळवून पाहिलं, पण उठले नाहीत.

भाऊसाहेब बूट काढून आत आले. तेवढं भान त्यांना होतं. मागं मॅडम, बंडूभाऊ पेटी घेऊन, एक फोटोवाला. बंडूभाऊनं पेटी स्टँडवर ठेवली.

"झोपली आहे का?" भाऊसाहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, घरात लेकरू झोपलं असताना विचारतात तसं.

"हो, भूल दिली आहे, साहेब," बारापात्रे म्हणाले.

भाऊसाहेबांनी छबीचा हात हातात घेतला. "किती गार हात आहे पोरीचा. कूलर बंद करा थोडा." मग मॅडमनी दाखवलं होतं तसा त्यांनी चिमटा तिच्या बोटाला लावला. फोटो निघाला.

पेटीवर आकड्याच्या जागी दोन रेघा आल्या. आवाज आला नाही.

"आत्ता तर चालत होतं," भाऊसाहेब म्हणाले.

"वायर सैल झाली असेल," बंडूभाऊ म्हणाला. बारापात्रे साहेबांनी पेटीवर तळहातानं थाप मारली, रेडिओला मारतात तशी. दोन रेघा तशाच राहिल्या. भाऊसाहेबांनी चिमटा काढला आणि स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. टुक, टुक, टुक. अठ्ठ्याण्णव.

"नाही, चालू आहे, चालू आहे," ते म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि त्यांनी तो पुन्हा छबीच्या बोटाला लावला.

मॅडम तोवर पुढं आल्या होत्या. त्यांनी पेटीकडं पाहिलंच नाही. त्यांनी छबीच्या गळ्याला दोन बोटं लावली, आणि ती तशीच ठेवली. मग त्यांनी कोपऱ्यात पाहिलं.

"मॅडम," कुमरे म्हणाले, "मशीन बरोबर आहे."

भाऊसाहेबांना काही कळलं नाही. ते एकदा मॅडमकडं, एकदा बारापात्रे साहेबांकडं पाहत होते. "मग बिघडलं काय?" त्यांनी विचारलं.  मॅडमनी चिमटा काढला, वायर गुंडाळली आणि पेटी बंडूभाऊच्या हातात दिली. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तुमचं झालं नं लोकार्पण." मग त्या कुमरेंजवळ गेल्या आणि त्यांच्या बाजूला फरशीवर बसल्या. "मला कोणी सांगितलंच नाही, दिनकर," त्या म्हणत होत्या. "मी तिथं भात खात होते रे. मला कोणी उठवलं नाही."

बाहेर सोनाबाई कडुलिंबाखाली नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हातात कोणीतरी लोकार्पणाचा पेढा ठेवला होता. मला पाहून ती उठायला लागली. इतकी मोठी माणसं आपल्या लेकीच्या खोलीत गेली, याचा तिला कोण आनंद झाला होता.

"बाई, मंत्री आत गेलते म्हन्ते," ती म्हणाली. "माह्या छबीले भेटाले?"

तिला मी सांगितलं. कसं सांगितलं ते इथं सांगत नाही.

पुढं चौकशी झाली. भाऊसाहेबांचा तो फोटो पेपरात आला नाही, कोणीतरी थांबवला असेल. चौकशी करायला वरून दोन साहेब आले, मलाही बोलावलं. मी सगळं सांगायला लागली, कपाट, फीत, पंगत, अँब्युलन्स. त्यांच्यातल्या मोठ्यानं हात वर केला.

"सिस्टर, विचारलं तेवढंच सांगा. त्या दिवशी हे यंत्र रुग्णालयात उपलब्ध होतं की नव्हतं?"

"होतं, पण बंडूभाऊच्या..."

"होतं की नव्हतं?"

"होतं."

"चालू स्थितीत होतं?"

"भाऊसाहेबांना विचारा नं, अठ्ठ्याण्णव कोणाचा आला ते."

"म्हणजे चालू होतं," तो टाइप करणाऱ्याला म्हणाला.

कुमरेंवर ठपका आला. यंत्र रुग्णालयात उपलब्ध असताना आणि ते वापरण्याचं खास प्रशिक्षण घेतलेलं असताना डॉक्टरांनी ते वापरलं नाही. मॅडमनी नागपूरहून मुंबईपर्यंत सगळ्यांना पत्रं लिहिली, खेटे घातले, भांडल्या. सगळे त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. शेवटी ठपका सौम्य झाला, पण कुमरेंनी भूल द्यायचं सोडलं. त्यांनी सरकारी नोकरीही सोडली आणि आपल्या गावी ताप-खोकल्याचा दवाखाना टाकला. मी एकदा भेटायला गेली होती. चहा दिला, चौकशी केली, पण पेशंटशी बोलताना ते आता हसवत नव्हते.

मॅडम पुढंही बरीच वर्षं बाहेरच्या देशांत शिकवायला जात राहिल्या. आमच्याकडे मात्र पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांना कधी दोष दिला नाही.

चिमटा आमच्या थिएटरात आहे. रक्तसाठ्याची खोलीही झाली, तिच्या दारावर भाऊसाहेबांच्या नावाची पाटी आहे. भूल द्यायला माणूस नाही. बाळ अडलं की बाईला जिल्ह्याला पाठवतात, अँब्युलन्स ताफ्यात नसली तर.